पेटी उघडायची नाही

हॅलोताईंची पिशवी एकदा तरी उचलून बघायची हौस हॉस्पिटलातल्या प्रत्येकाला व्हायची, आणि उचलली की प्रत्येकजण एकच विचारायचा, "यात दगड भरलेत का हो?" दगड कुठले! बोलणारं घड्याळ, छोटा रेडिओ, टिपणं बोलून ठेवायचा रेकॉर्डर, पुस्तकं वाचून दाखवणारं डब्याएवढं यंत्र, कपड्यांचा रंग सांगणारी एक कांडी, बटणांचा मोबाइल, या सगळ्यांचे चार तऱ्हेचे चार्जर आणि वर सुट्या सेलची डबी. हॅलोताईंना दिसत नाही, जन्मापासूनच नाही. बाकीच्यांचे डोळे जी कामं बसल्या जागी करतात, त्यांच्यासाठी त्यांना सहा वस्तू वागवाव्या लागायच्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. त्यावर कोणी हळहळलं तर म्हणायच्या, "उतरू दे. मला कुठे आरशात बघायचंय?"

हॅलोताई हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्यापुढे त्या सव्वीस वर्षं बसत होत्या. बाहेरून कोणीही फोन केला की पहिला आवाज त्यांचा. आतले एकशे शहाऐंशी नंबर त्यांना तोंडपाठ होते. रक्तपेढी तीनशे सतरा, बाळंतिणींचा वॉर्ड दोनशे सव्वीस, अपघात विभाग एकशे अकरा. मधल्या एखाद्या डॉक्टरची खोली बदलली तर खुद्द डॉक्टर आठवडाभर चाचपडायचा, पण हॅलोताईंचं बोट दुसऱ्या दिवशी बरोबर नव्या नंबरावर जायचं.

आणि एके दिवशी व्यवस्थापक साहेब स्वतः जिन्याखाली उतरून आले. साहेब वर बोलावतात, खाली येत नाहीत. त्यामुळे बुटांचा आवाज ऐकूनच ताईंनी ओळखलं, काहीतरी शिजलंय.

"बोर्ड निघतोय," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून सगळे फोन एका ॲपवर येणार, स्मार्टफोनवर. ऑपरेटरने तिथूनच पुढे जोडून द्यायचे. मी तुमच्यासाठी नोंदणी विभागात बोलून ठेवलंय, पण त्यांच्याकडे तुमच्याजोगतं काम नाही. मग राहिली स्वेच्छानिवृत्ती. बोर्डाने बरीच सोबत केली तुमची."

"ॲप मला येणार नाही, हे कोणी ठरवलं?"

साहेब जरा गडबडले. "अहो, तो फोन म्हणजे नुसती काच असते. बटणंच नाहीत त्याला."

"माहीत आहे. पहिली तारीख कधी?"

"सोमवारी येते. अजून चार आठवडे आहेत."

"मग त्या सोमवारी माझी परीक्षा घ्या. खऱ्या कॉलवर. तासभर."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागदावर नीट बसेल अशी गोष्ट लागायची. त्याने थोडा विचार केला आणि अट घातली: सकाळी नऊ ते दहा, एकही कॉल चुकीच्या जागी जाता कामा नये आणि एकही सुटता कामा नये. जमलं तर जागा तुमची. नाही तर त्याच दिवशी अर्ज. ताई म्हणाल्या, "कबूल." बूट जिना चढून वर गेले. कबूल म्हणताना तोंडाला काय लागतं! ताईंनी आजवर त्या काचेला हातसुद्धा लावलेला नव्हता.

घरी हे सांगितलं तसा दादा खूश झाला. हेच तर दुखणं होतं. दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ, आठ वर्षांनी मोठा, तीन गल्ल्या सोडून राहणारा. बहिणीवर जीव टाकायचा, पण त्या जीव टाकण्याने बहिणीचा जीव मेटाकुटीला यायचा. चौपन्न वर्षांच्या बाईला तो अजून चिमे म्हणायचा आणि रस्ता ओलांडताना मनगट धरून ओढायचा. एकटीने राहायचं, एकटीने कामावर जायचं, हे त्याला सव्वीस वर्षांत पटलेलं नव्हतं. नोकरी होती म्हणून त्याचं काही चालत नव्हतं, इतकंच.

"चिमे, पुरे झालं आता," तो म्हणाला. "निवृत्ती घे आणि ये आमच्याकडे. मागची खोली रिकामी करतो."

"मागच्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन आहे."

"ते बाहेर काढू. पॅसेजमध्ये ठेवू."

आणि गृहस्थाने चार दिवसांत काढलंसुद्धा! परीक्षा व्हायच्या आधी खोली तयार. वहिनी तेव्हापासून पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खात शिवत होती आणि तोंडाने काही म्हणत नव्हती. ताईंच्या मनाला ते मशीन फार लागलं. दादा आपली हार आधीच धरून चालला आहे, हे त्यांना कोणी न सांगता कळलं होतं.

हॉस्पिटलकडून नवा फोन आला. हातात घेतला तर खरंच नुसती काच! ताईंना शिकवायला मिळाले मास्तर. अंध लोकांना यंत्रं वापरायला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, स्वतःही अंध, आता निवृत्त, आणि राहायला दुसऱ्याच शहरात. शिकवणी चालायची ती ताईंच्या घरच्या जुन्या टेलिफोनवरून. डाव्या हाताने रिसिव्हर कानाला, उजव्या हाताखाली नवा फोन.

"बाई, बोट सरकवा," मास्तर सांगायचे. "खाली जे असेल ते फोन बोलून दाखवेल. हवं ते आलं की दोनदा टिचकी. एवढंच आहे. उरलेला सगळा सराव."

एवढंच! पहिल्या आठवड्यात ताईंच्या नाकी नऊ आले. फोनमधली बाई अखंड बोलायची. ताईंनी तिचं नाव वटवटी ठेवलं. बोट जरा घसरलं की वटवटी भलतंच काही सांगायची, टिचकी जरा उशिरा पडली की भलतंच काही उघडायची. तीन दिवसांत तीनदा व्यवस्थापक साहेबांना फोन लागला. दोनदा ताईंनी "चुकून लागला, साहेब" म्हटलं. तिसऱ्यांदा साहेबच म्हणाले, "रोजच चुकून?" त्या दिवशी ताईंनी फोन उशीखाली कोंबला आणि दहा मिनिटं त्याला हात लावला नाही. मग काढला आणि पुन्हा बसल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला. कपाटाखाली पत्र्याची एक रिकामी पेटी होती. ठरलं असं, की पिशवीतल्या प्रत्येक वस्तूची नव्या फोनशी झुंज लावायची. फोनने त्या वस्तूचं काम तिच्याइतकं चोख करून दाखवलं तरच ती वस्तू पेटीत जाणार. नाही दाखवलं तर पिशवीत राहणार. आणि एकदा पेटीत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर काढायची नाही.

पहिलं हरलं ते घड्याळ. दोघांना वेळ विचारली तर घड्याळ चार मिनिटं मागे निघालं. "म्हणजे तुझ्यापायी मी रोज धावतपळत कामावर पोचत होते होय!" म्हणत ताईंनी त्याला पेटीत टाकलं. मग रेडिओ गेला, मग पुस्तकाचं यंत्र. रंगाच्या कांडीने मात्र झुंज दिली. ताईंच्या आवडत्या स्वेटरला कांडी म्हणाली काळा, फोन म्हणाला गडद निळा. शेजारणीला बोलावून विचारलं. "निळाच की हो," शेजारीण म्हणाली. "मला वाटायचं, काळ्या पायमोज्यांवर तुम्ही मुद्दाम घालता." सहा वर्षं! ताई आधी ओशाळल्या, मग इतक्या हसल्या की ठसका लागला. कांडी पेटीत गेली.

रेकॉर्डर तिसऱ्या आठवड्यात गेला आणि बटणांचा मोबाइल त्याच्या पाठोपाठ. पिशवीत डबा, किल्ल्या आणि रुमाल एवढंच उरलं. पहिल्या दिवशी ती खांद्याला लावून निघाल्या तर काहीतरी विसरल्यासारखं वाटून दोनदा दारातून मागे फिरल्या.

नंबरांची कथा वेगळी. ॲप फोनमधल्याच यादीतून नंबर उचलायचं. कार्यालयाने यादी पाठवली, पण कशी? छापील कागदाचे फोटो काढून! ताईंनी ते उघडले तर वटवटी म्हणे, "चित्र. चित्र. चित्र." कार्यालयाला कळवलं तर उत्तर आलं, यादी अगदी स्पष्ट दिसते आहे. आता याला काय म्हणावं! ताईंनी कपाळावर हात मारला आणि ठरवलं, यादी डोक्यात आहे ना, मग डोक्यातूनच उतरवू. मास्तरांनी पहिली नोंद सरावासाठी स्वतः समोर बसल्यासारखी करून घेतली, उरलेल्या ताईंनी एकेक अक्षर शोधत एकटीने केल्या. नऊ दिवस लागले. एकशे शहाऐंशी.

तोवर वटवटीचा वेगही त्यांनी वाढवत नेला होता, इतका की दुसऱ्याला ती नुसती गुणगुण वाटावी. आणि मास्तरांनी आणखी एक युक्ती दिली.

"काचेवरचा उजेड बंद करून टाका, बाई. पडदाच पाडायचा. आत सगळं चालू, वर काळं. तुम्हाला त्या उजेडाचा उपयोग काय? बॅटरी दुप्पट पुरेल आणि बसमध्ये शेजारचा डोकावला तरी त्याला काही मिळायचं नाही."

ताईंना ही गोष्ट भलतीच आवडली. सगळं जग डोळ्यांनी बघायचं म्हणून मिरवतं, आणि हा फोन फक्त आपल्याशी बोलतो! त्यांनी पडदा पाडला तो पाडलाच.

परीक्षेच्या आधीचा शनिवार. सुट्टी होती. दुपारी ताई अंघोळीला गेल्या होत्या. फोन टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, त्याच्या ठरलेल्या जागी, इअरफोनची तार लावलेला. दादाकडे घराची किल्ली असते. तो आत आला, फोन बघितला. काळा. बाजूचं बटण दाबलं, काळाच. दोनदा दाबलं, जोरात दाबलं, काही नाही. वटवटी बिचारी बोलत असणार, पण तारेत, आणि तार कोणाच्याच कानात नाही. दादाने ठरवूनच टाकलं: परवा परीक्षा आणि फोन मेलेला, पोरीला पत्ताच नाही! न्हाणीघराच्या दाराशी जाऊन "चिमे, आलोच मी तासाभरात!" असं ओरडला आणि फोन घेऊन सुटला.

ताई बाहेर आल्या, टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर हात ठेवला. नाही. डावा कोपरा, खुर्ची, फळी, अंथरूण. ज्याला दिसत नाही त्याच्या घरातली वस्तू जागेवरून हलवणं म्हणजे काय, ते दिसणाऱ्याला सांगून कळत नाही. त्या चक्क जमिनीवर गुडघे टेकून टेबलाखाली चाचपडत होत्या तेव्हा दार उघडलं.

"हा घे!" दादाचा आवाज आनंदाने फुललेला. "बंद पडला होता गं! दुकानदार म्हणाला, आत काहीतरी अडकलंय. त्याने सगळं धुऊनपुसून कोरा करून दिला. बघ, कसा लख्ख झालाय!"

ताईंनी फोन हातात घेतला. बोट सरकवलं. वटवटी बोलली नाही. पुन्हा सरकवलं. काच गरम होती आणि गप्प होती.

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे नव्यासारखा. आधीचं काहीच ठेवलं नाही त्याने."

ताई जमिनीवरच बसल्या. "दादा," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका खाली गेला की दादाला पुढे वाकावं लागलं, "तो बंद नव्हता. उजेड मी बंद केला होता. मुद्दाम."

त्यांनी सगळं सांगितलं. पडदा, यादी, नऊ दिवस. दादा ऐकत होता आणि एकेका वाक्याला त्याचा श्वास लहान होत चालला होता.

"मला वाटलं…" तो म्हणाला.

"तुला नेहमीच वाटतं! विचारत कधी नाहीस. न्हाणीघराचं दार वाजवून एक शब्द विचारला असतास, चिमे, फोन चालू आहे का? एवढंही नाही जमलं तुला?"

ताई दादावर आयुष्यात ओरडल्या नव्हत्या. ओरडून स्वतःच दचकल्या. उठून स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. राग दादाचा होता, त्याहून जास्त दीड दिवसाचा होता. नऊ दिवसांचं काम दीड दिवसात बसत नाही, हे कोणीही सांगेल.

दादा दाराशी आला. चुकीची खंत होती त्याला, खरीच होती, पण खंत वाटली की तो नेमकं नको ते बोलायचा. "असं कर, पेटीतलं जुनं सगळं काढ. साहेबांना मी सांगतो, चूक माझी आहे म्हणून. आणि नाहीच जमलं तर काय आभाळ कोसळतंय का? खोली तयार आहे."

ताईंनी नळ बंद केला.

"पेटी उघडायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि साहेबांना तू फोन करायचा नाहीस. तू इथे बस. चष्मा आणलायस का? लाव."

त्यांनी घरच्या टेलिफोनवरून मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नक्कल करून ठेवायचा धडा मी पुढच्या आठवड्यावर ढकलला होता. चूक माझीही आहे. बरं, रडून झालंय का?"

"झालंय."

"मग आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरा. काचेवर प्रश्न येईल. तेवढा एक कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल."

ताईंनी बटणं दाबली. दादाने चष्मा सावरून वाचलं, "बोलून दाखवण्याची सुविधा चालू करायची का? होय, नाही."

"होय दाब."

दादाने जपून बोट टेकवलं, आणि वटवटी बोलायला लागली. अगदी सावकाश, पहिल्या दिवशी बोलायची तशी. ताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी तिचा वेग वाढवला, ॲप परत आणलं, आपला परवलीचा शब्द भरला, आणि सगळ्यात शेवटी काचेवर पडदा पाडला. दादाच्या डोळ्यांदेखत काच काळी झाली आणि ताईंची बोटं त्या काळ्या काचेवर चालतच राहिली. रक्तपेढी, तीन, एक, सात. पुढचा. बाळंतिणींचा वॉर्ड, दोन, दोन, सहा. पुढचा.

रविवारी सकाळी आठला त्या पुन्हा बसल्या. दादा नऊला आला, या वेळी दार वाजवून. हातात हॉस्पिटलची छापील यादी होती. कार्यालयाचे फोटो त्याने दुकानातून कागदावर काढून आणले होते. "मी वाचतो, तू लिही," तो म्हणाला. "पटपट होईल." बरं म्हणून ताईंनी वाचू दिलं.

"क्ष-किरण, दोनशे चार."

"झालाय."

"भूलतज्ज्ञ, एकशे बावन्न."

"चूक. ते मागच्या वर्षी वरच्या मजल्यावर गेले. तीनशे बावन्न."

"इथे छापलंय की."

"छापू दे. पुढे."

दुपारपर्यंत छापील यादीत सात चुका निघाल्या. दादाने त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि मग हळूच कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढे त्याने चहा करण्यापलीकडे काही केलं नाही. खुर्चीत बसून तो बहिणीची बोटं बघत राहिला. नऊ दिवस लागले होते तेव्हा बोटं अक्षर शोधत होती. आता अक्षरं कुठे आहेत ते बोटांना कळलेलं होतं. चार वाजता ताईंची मान आखडली, दादाने उशी आणून पाठीला लावली. पाचला त्यांनी बोटं कढत पाण्यात बुडवली आणि पुन्हा बसल्या. "थांब की जरा," असं दादाच्या ओठावर तीनदा आलं आणि तीनदा त्याने ते गिळलं. त्याच्यासाठी हेही काही कमी नव्हतं.

दिवेलागणीला यादी संपली. ताईंनी मोजायला सांगितलं. वटवटी म्हणाली, "एकशे पंच्याऐंशी."

एक कमी. पुन्हा मोजलं. एकशे पंच्याऐंशी. दादाची यादी पुन्हा वाचली, त्यातलं सगळं होतं. मजल्यामजल्याने मनातल्या मनात हिंडून झालं, तळघर, औषधभांडार, धुलाई, शवागार. सगळे होते. राहिलेला एक काही केल्या हाती लागेना.

"एकच आहे," दादा म्हणाला. "उद्या तासाभरात त्याचाच कॉल कशाला येतोय?"

"आला तर गेलीच नोकरी," ताई म्हणाल्या. पण मेंदू शिणला होता. त्या जेवल्या आणि झोपल्या.

सोमवारी नऊला पाच मिनिटं असताना त्या जिन्याखालच्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसल्या. बोर्ड काढून नेला होता. टेबलावर त्याच्या जागी हात ठेवला तर गुळगुळीत रिकामं लाकूड. त्यांनी तिथे फोन ठेवला. एका कानात तार. साहेब खुर्ची ओढून समोर बसले.

"ताई, फोन बंद आहे तुमचा," साहेब म्हणाले. "काळा दिसतोय."

"चालू आहे. तुम्हाला बघायचा असेल तर तुमच्यासाठी उजेड लावते." त्यांनी पडदा उघडला. साहेबांनी बघितलं, "असू द्या, असू द्या" म्हणाले. ताईंनी पुन्हा पाडला.

नऊ वाजले आणि पहिली घंटा झाली.

"हॅलो, हॉस्पिटल." डोळ्यांचा विभाग. गेला. दुसरा, औषधभांडार. तिसरा, बाळंतिणींचा वॉर्ड, पलीकडचा बाप इतका उतावीळ की वॉर्डाचं नावच सांगेना. ताईंनी त्याच्याकडून ते काढून घेतलं. सव्वानऊला तीन कॉल एकदम आले. एकाला थांबवलं, दुसऱ्याला जोडलं, तिसऱ्याला थांबवलं, पहिल्याला जोडलं. वटवटी कानात सुसाट चालली होती. साडेनऊला एक कॉल आला त्यात कोणी बोलेचना. नुसता श्वास, तुटक, मध्ये एक हुंदका. साहेब म्हणाले, "कोणी नाहीये, ठेवून द्या." ताईंनी मान हलवली. "मी आहे इथे," त्या फोनात म्हणाल्या. "घाबरू नका. अपघात विभागाला देते." एकशे अकरा. पलीकडे उचललं जाईपर्यंत त्या लाइनवर थांबल्या.

पावणेदहा. बोटं हुळहुळत होती. नऊ पन्नास. एक्केचाळीस कॉल झाले होते, सगळे बरोबर. दोन मिनिटं उरली आणि पुन्हा घंटा झाली.

"हॅलो, हॉस्पिटल."

"नमस्कार," एक पुरुषी आवाज, घसा साफ करून, फारच औपचारिक. "मला तुमच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंना जोडून द्या. त्या असतील ना अजून तिथे?"

सव्वीस वर्षांच्या सवयीने बोट आधी निघालं. यादीत शोधलं. नाही. वर, खाली. नाही. वटवटी म्हणाली, "काही सापडलं नाही." ताईंचं बोट काचेवर थबकलं. साहेबांची खुर्ची करकरली. ते पुढे वाकले होते. आणि मग ताईंना तो राहिलेला एकशे शहाऐंशीवा नंबर आठवला. नंबर शंभर. टेलिफोनची खोली, छापील यादीतही नसलेली. पहिल्या वेळी मास्तरांनी सरावासाठी तोच आधी लिहून घेतला होता. काल डोक्यातून यादी उतरवताना त्या सगळं हॉस्पिटल हिंडल्या, आणि स्वतःच्या खोलीत तेवढ्या शिरल्या नाहीत. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःला कधी फोन केला होता?

"बोलतेय, दादा," त्या म्हणाल्या.

"चिमे? तूच आहेस का? ओळखलाच नाही गं आवाज." दादाने आजवर हॉस्पिटलच्या नंबरावर कधी फोन केलेला नव्हता, ऑपरेटरचा आवाज त्याने आज पहिल्यांदा ऐकला.

"लवकर बोल, परीक्षा चालू आहे. दोन मिनिटं आहेत अजून. निकाल लागला की कळवते."

"निकालासाठी नाही केला." दादा घुटमळला. "वहिनीचं मशीन मागच्या खोलीत परत नेऊन ठेवलं. आत्ताच. एकट्याने उचललं, पाठ धरलीय. ती शिवायलाही बसली. एवढंच सांगायचं होतं."

"अरे, पण निकाल अजून…"

"मी काल बघितलंय, चिमे."

समोर साहेब होते, घड्याळ होतं, आणि ऑपरेटरचा आवाज कापता कामा नये. त्यांनी एक श्वास घेतला. तेवढ्यात वटवटीने कानात सांगितलं, दुसरा कॉल वाट बघतोय.

"पाठीला शेक दे," त्या म्हणाल्या. "आणि ठेव आता. दुसरी लाइन आहे."

दादाने ठेवला. ताईंनी काळ्या काचेवर दोनदा टिचकी मारली.

"हॅलो, हॉस्पिटल."